सतरावा माणूस

रविवार, २ फेब्रुवारी
उद्या आमच्या पक्षाची सभा — राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवार निवडायची. गुडघाभर बर्फातून एकवीस दारं वाजवली. सगळे म्हणाले, "येतो की, आर्डिस!" हॅल्वर्सनबाई राष्ट्राध्यक्ष झाल्या तर सगळ्यांना फुकट उपचार — हे मी आता झोपेतही बडबडते. का नाही बडबडणार! माझ्या पोराची, टोबिनची नोकरी गेली, तिच्याबरोबर विमा गेला, आणि तो इन्सुलिन पुरवून पुरवून टोचतोय. आईने नुसतं बघत बसायचं?

सोमवार, ३ फेब्रुवारी
हरलो. एका माणसाने!

शाळेच्या जिममध्ये एकशे बारा माणसं, ज्याच्या-त्याच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभी. पंधरा टक्के म्हणजे सतरा जण हवेत, नाहीतर कोपराच रद्द. आम्ही टोबिनला धरून सोळा. मी तीनदा मोजलं. मग आमचा कोपरा मोडला, आणि समोरच्या गटातली लोर्ना — चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण! — कुकीजचा डबा घेऊन आली. "ये गं इकडे, रुसू नकोस. तुझी बाई चांगली आहे, पण जिंकणारी नाही." मी डब्याला हात लावला नाही. कोट न घालताच बाहेर पडले.

मंगळवार, ४
कोण आलं नाही? यादी घेऊन बसलेय. पार्करांचं बाळ तापाने फणफणलेलं. मांसाच्या कारखान्यातले सहा जण — सभा संध्याकाळी सातला, आणि त्यांची शिफ्ट तीन ते अकरा! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, तेच मशीनपाशी अडकलेले. राज्यभर असंच — कुठे एक कमी, कुठे दोन. टोबिन म्हणाला, "आई, पुरे आता. जेव." मी यादी परत पहिल्यापासून वाचली.

शुक्रवार, ७
पेपर म्हणतो, तरुण आले नाहीत. टीव्हीवरचा म्हणतो, पैसा कमी पडला. लोर्ना म्हणते, बाईंचा आवाजच चढा. सगळे शहाणे! माझा तो मेला सतरावा माणूस कुठे होता?

बुधवार, २६
हॅल्वर्सनबाईंची माघार. टोबिनने टीव्ही बंद केला.

रविवार, १ मार्च
चर्चबाहेर शेजारची व्हर्ना भेटली. तिचा नवरा हार्लन जन्मभर दुसऱ्या पक्षाचा. यंदा विमा कंपनीने त्याचं ऑपरेशन नाकारलं. ती म्हणाली, "सभेच्या दिवशी तो शाळेबाहेर गाडीत तासभर बसून होता. दारातच नाव नोंदवून पक्ष बदलता येतो ना! तुझ्या बाईंसाठी निघाला होता."

"मग आत का नाही आला?"

"अगं, ऑक्टोबरात तूच कुंपणावरून त्याला म्हणालीस — तुझ्यासारख्यांनीच देश बुडवला, आमच्यात तुला जागा नाही. तो म्हणाला, आर्डिसला चारचौघांत माझी लाज वाटेल."

म्हणाले होते मी. घरात येऊन टोबिनला हसत हसत सांगितलंही होतं.