ओट की धुकं

३ मार्च, ओडेन्स, डेन्मार्क
सासूबाई पडल्या. हाड मोडलं नाही, पण आता त्यांनी एकटं राहू नये असं ठरलं. आमच्याकडे येणार. त्याआधी मागची खोली रंगवायची. प्रेबेन आईच्या खोलीसाठी रंगाचे दोन डबे घेऊन आला — एक ‘ओट’, म्हणजे ओट्सच्या दाण्यासारखा, आणि दुसरा ‘धुकं’. मी म्हटलं, दोन्ही पांढरेच आहेत की. म्हणाला, “बोडिल, डोळे तपासून घे तू.”

६ मार्च
भिंतीवर दोन पट्टे मारले. सकाळी ओट शिळ्या दह्यासारखा दिसतो, संध्याकाळी धुकं इस्पितळाच्या चादरीसारखं.
नणंद आली. “धुकं फार थंड आहे गं. आईचे सांधे दुखतात.” जणू भिंतीतून वारा येणार आहे! हिच्या स्वतःच्या घरी तीन खोल्या रिकाम्या. पण तिकडचे रंग गडद, म्हणे. आईला सोसायचे नाहीत.

११ मार्च
सासूबाईंचा फोन. रंगाचं कुठवर आलं? प्रेबेन म्हणाला, “घाई नको आई. आयुष्यभर बघायचाय तुला तो.”
“माझ्या आयुष्यभर ना? मग एकच हात मार. पुरेल.”
तो हसला. मला हसू आलं नाही.

१५ मार्च
प्रेबेनने दोन्ही रंग मिसळून तिसरा पट्टा मारला. मीच म्हटलं, “खोली उत्तरेकडची आहे. खरा उजेड एप्रिलात कळेल, तोवर थांबू या.” किती सहज बोलून गेले! प्रेबेन लगेच हो म्हणाला. एरवी माझं म्हणणं इतक्या लवकर पटत नाही त्याला.
रात्री छान झोप लागली. दोघांनाही.

२० मार्च
सासूबाईंना जेवायला आणलं. राय धान्याची काळी भाकरी, हेरिंग मासा, त्यांच्या आवडत्या दारूचा पेला. मग भिंत दाखवली. बराच वेळ बघत होत्या. भिंतीकडे कमी, आमच्याकडे जास्त.
“तिन्ही छान आहेत,” म्हणाल्या. “पलंग कुठे ठेवणार?”
पलंगाचा विचार कुणीच केला नव्हता.

२४ मार्च
सासूबाईंचा फोन. त्यांच्या शेजारच्या स्वेनकडे राहायला गेल्या — तोही एकटाच, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सामान हलवूनही झालं.
प्रेबेनने विचारलं, “तिथल्या भिंती कसल्या रंगाच्या आहेत?”
“दिवा मालवल्यावर कोण बघतंय रे.”
तेव्हापासून तो मागच्या खोलीत बसलाय. मी आत गेले नाही.