दोन वर्षांचा अबोला

हपुतले,
१६ जानेवारी १९७९

चि. विमलसिरी यास,
अनेक आशीर्वाद. त्रिरत्नांची छाया तुझ्यावर असू दे.

मल्ली, माझ्या धाकट्या भावा, तुझा दमा कसा आहे? समुद्राचा वारा बाधतो तुला, छाती झाकून घेत जा. शेजारच्या पोडी नोनाच्या गुडघ्याची सूज उतरली का? तांबड्या गाईच्या खुराची जखम भरली का? सुनेत्राला दिवस गेलेत असं कानावर आलं. लेकीचं नाव तुला चालत नाही, तरी विचारते, तिची काही खबर? माझं म्हणशील तर अठरा वर्षं या ध्यानकेंद्राच्या चुलीपुढे डोळे अधू झाले, हात अजून चालतात.

आता तुझ्या बायकोचं. इंद्रावती दहा दिवसांच्या मौनाला आली होती, ते रविवारी संपलं. बाकीच्या बाया गाठोडी बांधून बसला गेल्या, ही गेली नाही. इथल्या प्रमुख साध्वी, थोरल्या सीलमाता, यांच्याकडून तिने आणखी सहा आठवड्यांचं मौन मागून घेतलं, उद्यापासून सुरू. वर धारेवर, चहाच्या मळ्याच्या कडेने वाळू टाकलेली तीस पावलांची वाट आहे. तिच्यावर सकाळ-संध्याकाळ चालते. पाऊल उचलायचं, पुढे न्यायचं, टेकवायचं, एवढंच. पहिल्या दिवशी बस सुटत असल्यासारखी धावत होती, मला तोंडाला पदर लावावा लागला. आता धुक्यात वाट दिसेनाशी झाली तरी तिचं पाऊल चुकत नाही.

मौन तिला जड जाईल असं वाटलं होतं. पण तिची तालीम घरीच झालेली! मुलीने कोळ्याच्या पोराशी लग्न केलं आणि आई अक्षता टाकून आली, एवढ्यावरून तू दोन वर्षं तिच्याशी बोलला नाहीस. चहा हवा तर कुत्र्याला सांगायचास, आमटीत मीठ नाही हे मांजराला. नव्या वर्षाला ती विड्याची पानं घेऊन पाया पडायला आली तर भिंतीकडे तोंड केलंस. अरे, भिंतीला तरी लाज वाटली असेल.

मौन सुटलं की तिला न्यायला ये. येताना चार गोड शब्द जमवून आण.

तुझी,
एमलीन अक्का


कोसगोड,
२४ जानेवारी १९७९

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

दमा आहे तसाच. पोडी नोना काठी टेकत चालते, जीभ मात्र काठीशिवाय पळते. गाय बरी आहे. बाकी कुणाचं मला विचारू नकोस.

तुझ्या त्या वाटेचं वाचून हसू आलं. इथे विहिरीवर जा म्हटलं की बाईचे पाय दुखतात, तिथे डोंगरावर येरझारा घालताना दुखत नाहीत होय? काम ना धाम, मागे-पुढे चालायचं आणि त्याला पुण्य म्हणायचं! गावात विचारतात, बायको कुठे. मी सांगतो, बहिणीकडे. आणि मी केलं तरी काय, सांग. दारू प्यालो नाही, हात उगारला नाही. नुसता बोललो नाही.

येत्या पौर्णिमेचं तिथलं अन्नदान मी लावलं आहे. दालचिनी सोलायचं काम दोन दिवस बंद ठेवून येतो. भात आणि कोवळ्या फणसाची भाजी, स्वतःच्या हाताने वाढीन. मी समोर उभा राहिलो की येईल मुकाट्याने घरी.

तुझा धाकटा,
विमलसिरी


कोसगोड,
१४ फेब्रुवारी १९७९

ती. अक्का हिस,
शि. सा. न.

तुझं तोंड चुकवून निघून आलो, माफ कर. वाढताना एक शब्द काढायचा नाही, हे तू तीनदा बजावलं होतंस. मीही कबूल झालो होतो.

ओळ आली. पांढऱ्या कपड्यांतल्या सतरा जणी, नजरा जमिनीवर. अकरावी ती. तिने वाडगं पुढे केलं, मी भात घातला. माझे हात तिला दिसले असणारच. अंगठ्यावर सुरी लागली होती तेव्हा तिनेच हळद भरली होती, तो वण लपत नाही. वाटलं, आता मान वर करील. नाही केली. मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, इंद्रा, घरी चल. दोन वर्षांतलं पहिलं बोलणं.

ती श्वासभर थांबली. मग पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं. मागच्या बाईने वाडगं पुढे केलं आणि मी तिला भात वाढला. तिच्या मागच्या पाचजणींनाही वाढला.

अक्का, बंदी होती म्हणूनच ती बोलली नाही ना? मौन सुटलं की विचार. घर सारवून ठेवलं आहे. सुनेत्राकडेही जाऊन येईन म्हणावं.

विमलसिरी


हपुतले,
२ मार्च १९७९

चि. विमलसिरी यास,
अनेक आशीर्वाद.

परवा मौन सुटलं. तुझं पत्र मी तिच्या हातात दिलं आणि समोर बसून राहिले.

बंदीचा प्रश्न नव्हता रे. ती म्हणाली, त्यांचं बोलणं नीट ऐकू आलं, पण उत्तर द्यावं असं आत काही उठलंच नाही. घरी तू गप्प असायचास तेव्हा ती दिवसभर तुझ्या चाहुलीवर कान ठेवून असायची, आता बोलतील, मग बोलतील. इथेही कुणी बोलत नाही, पण कुणी तिच्यावर रुसलेलं नाही, म्हणाली.

मी तुझ्या बाजूने भांडले. सारवलेल्या घराचं सांगितलं, तुझ्या एकटेपणाचं सांगितलं. सुनेत्राकडे तू खरंच जावंस, म्हणाली; बाळंतपणाला बापाचं येणं पोरीला हवं आहे. स्वतःसाठी मात्र तिला दशशील घेऊन सीलमाता व्हायचं आहे, भगवी वस्त्रं नेसून इथेच राहायचं आहे. त्याला नवऱ्याची लेखी संमती लागते. कागद सोबत घातला आहे. सही करायची की नाही ते तुझं तू बघ. नाही केलीस तरी पांढऱ्या कपड्यांत ती इथेच राहणार, हेही तिने सांगून टाकलं.

रागावलेली असती तर हाताला धरून तिला बसमध्ये बसवलं असतं. राग उरलेलाच नाही, तिथे माझं काय चालणार?

तो कागद माझ्या हाताने घडी घालून पाठवते आहे, म्हणून तुला माझा संताप येईल. येऊ दे. ये, चुलीपुढे उभा राहून मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी भात रांधता रांधता ऐकेन. फक्त माझ्याशी अबोला धरू नकोस. मी एकाहत्तरची आहे, वाट बघायला माझ्यापाशी दोन वर्षं नाहीत.

उलट टपाली लिही. वाईटसाईट लिही, पण लिही.

तुझी,
एमलीन अक्का