मोरघळची थाळी

१ जून
आले एकदाची! मी जतची, निम्मा जन्म टँकरमागं घागर घेऊन पळण्यात गेला. आणि बदली कुठं, तर साताऱ्याच्या पार पश्चिमेला, मोरघळच्या पठारावर. उपकेंद्रात नर्स म्हणून. सोबत माझी ओवी, सहा वर्षांची. खाली कोयनेचं पाणी, वर नुसतं आभाळ, आणि वारा असा की पदर धरूनच बोलावं लागतं. शेजारच्या राहीबाई एकट्याच असतात. नाचणीची भाकरी घेऊन आल्या आणि ओवीला मांडीवर घेऊन बसल्या, त्या उठेचनात. लय बरं वाटलं बाई मला.

२८ जून
पाऊस अडवायला चारी भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधल्यात, तरी ओल आत येतेच. मीठ पाघळलं, काडेपेटी पेटत नाही, चुलीवर धरलेले कपडेसुद्धा दमटच. एसटी आता दसऱ्यापर्यंत वर येणार नाही म्हणे. धुकं तर सरळ घरात येऊन बसतं.

इथली एक रीत मात्र गमतीची. धुक्यात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. दारात उभं राहून थाळी वाजवतात. प्रत्येक घराचा ठेका वेगळा. पोरंही बाहेर जाताना थाळी नेतात, उलट तोच ठेका देत घरी येतात. राहीबाईंनी ओवीलाही पितळी थाळी दिली, आमच्या घरासाठी ठेका ठरवून दिला. दोन झटपट, एक सावकाश. म्हणाल्या, नाव घेतलं की भलतंच ओ देतंय, लय वंगाळ. मी हसले. आमच्याकडं माळावर कोसभरावरून नावानं हाक मारतात, आणि माणूसच येतो!

९ जुलै
राहीबाईंचं लक्षण मला ठीक दिसत नाही. ओवी सारखी तिकडंच. आई धुक्यात नाव घेत न्हाई न्हवं, असं पोरीला गुपचूप विचारतात. कशाला नसत्या चौकशा? उपकेंद्रातला शिपाई धनाजी बोलून गेला की राहीबाईंची लेक अशीच धुक्यात गेली, परत आली नाही. मग जीभ चावली त्यानं. म्हणजे हिला आता माझी पोर हवीय तर! थाळी काढून घेतली, खिळ्याला अडकवली. त्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं ओवीला बजावलं. ती खूप रडली. वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही.

१६ जुलै
दुपारी ओवी दिसेना. राहीबाईंच्या दाराला कडी. बाहेर धुकं दाटलेलं. अंगणात उभी राहून जीव खाऊन ओरडले, ओवीऽ, ओवीऽ! लगेच ओ आली, अगदी जवळून. आणि आली पोर. जीव भांड्यात पडला.

मागून राहीबाई धापा टाकत आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. नावानं हाक मारलीस व्हय, म्हणून विचारलं. मी तोंडावर दार लावलं. आतून ओरडले, माझी ओवी घरात आहे, तुम्ही जावा!

१७ जुलै
ओवी आपणहून बोलत नाही. भाकरीला शिवत नाही. मी बोलते तेच शब्द परत म्हणते. अंग गार.
राहीबाई कालपासून धुक्यात थाळी वाजवत फिरतायत. दोन झटपट, एक सावकाश. आमचा ठेका! माझ्या पोरीला बोलावतात?
वेणी घालायला बसले. केस कोरडे. ठणठणीत कोरडे. या घरात महिनाभर एक चिंधी वाळली नाही आणि —

१७, दुपार
राहीबाईंची थाळी थांबली की दरीकडून दुसरी वाजते. बारीक. दमलेली. दोन झटपट — एक —
खिळ्यावर थाळी नाही.
ओवी घेऊन गेली होती. माझी ओवी —

थाळी जवळ येतेय. अंगणात आली. दार उघडायला गेले तर घरातली ही दाराला पाठ लावून उभी. हलत नाही. माझ्याकडं बघत, माझ्याच आवाजात, मोठ्यानं —
माझी ओवी घरात आहे. तुम्ही जावा.
थाळी थांबली.
आता लांब चाललीय. दरीकडं. देवा, परात — परात कुठं ठेवली मी — दोन झटपट, एक