धार लावायची मशीन

आबा, आज आणखी एक पातं निळं पडलं. तुम्ही असतात तर माझ्या हातातून हिसकावूनच घेतलं असतं. लोहाराची लेक मी, पन्नाशीला टेकल्यावर सुऱ्या करायला बसलेय. घडाई जमते, धार जमत नाही. जमणार कशी? आपल्या घरात बायकांनी भाता ओढायचा, घण मारायचा. धारेच्या चाकाला हात लावायचा नाही. आईचे घाव तुमच्यापेक्षा बराबर पडायचे, पण पातं घासायला बसायचात तुम्हीच. जरा घासलं की बादलीत बुडवायचं, अंगठ्यानं चाचपायचं, पुन्हा घासायचं. लहानपणी एकदा मी चोरून विळा चाकावर दाबून धरला आणि कडेला निळी झाक आली. "मारलंस की गं लोखंड!" तुम्ही ओरडलात. "इतकं तापलं की पाणी उतरतंय त्याचं, मग धार टिकत न्हाई." दोन दिवस मी तुमच्यासमोर आले नाही.

आता माझी तकलीफ ऐका. वारंगा फाट्यावर खिचडीचं हॉटेल चालवणाऱ्या एका बाईनं सहा सुऱ्या सांगितल्या. पहिली दिली, ती तिसऱ्या दिवशी परत. "काय वं ताई, कांदा चिरंना, नुसता चेंगरून राहिली ही! सोमवारपर्यंत बघते, न्हाईतर बाजारातून आणते." फाट्यावर एकदा नाव गेलं की माझ्याकडं कोण येणार?

वसमतहून आणलेलं दगडी चाकाचं ग्राइंडर स्वस्त होतं, पण असं भरारा फिरायचं की पातळ कड बघता बघता जळायची. दुकानदार म्हणाला, हातात धरायचं घ्या. ते उसळलं तर बोटं जातील, या भीतीनं मी तिथूनच परत फिरले. दगडाऐवजी खरकागदाचा पट्टा फिरतो ती तयार मशीन ऐपतीबाहेरची. शेवटी फाट्यावरचा वेल्डिंगवाला म्हणाला, गिरणीची जुनी मोटर हाय, तिच्यावर तसाच घासायचा पट्टा बसवून देतो, मोठी पुली लावू, सावकाश फिरंल. सावकाश म्हटल्यावर बरं वाटलं, आणि लगेच धास्ती: पट्टा तुटला तर? सरकला तर? मी इतकं खोदून विचारलं की तो वैतागला.

"काकू, मशीन घेऊन राहिल्या का सून बघून राहिल्या?"

"सूनच समज. घरात आल्यावर परत करता येती का?"

काल मशीन आली. गुणाची आहे, पातं हाताला सोसेल इतपतच तापतं. तरी आज घाबरून मी पातं दाबून धरलं, पाण्यात बुडवायचं राहिलं, आणि निळं पडलं ते पडलंच. म्हणजे चूक मशीनची नव्हती. सोमवार परवावर आलाय, बादली भरून शेजारी ठेवलीय, आणि मी मशीन सोडून इथं कागद घेऊन बसलेय. हा टपालात टाकायचा नाही, म्हणून लिहिता येतंय.

सगळ्यांना मी सांगते, आबांनी धार शिकवलीच नाही. वेल्डिंगवाल्यालाही तेच सांगितलं. पण तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, त्या वर्षी तुम्ही हाक मारली होती, "ये पोरी, बस हितं. आजपासून धार तू लाव." मला भीती वाटली, आबा. स्वयंपाक राहिलाय म्हणाले आणि आत गेले. चूलसुद्धा पेटवलेली नव्हती.