ए मायनर सेव्हन आणि कालिंदीचं माहेरपण

औरंगाबाद,
१२ फेब्रुवारी १९९८

सौ. द्वारकाबाई विहीणबाईंना मीनाक्षीचा, पाठ धरली असल्यामुळं जमेल तेवढाच वाकून, नमस्कार.

तुमचे गुडघे, व्याह्यांचा खोकला आणि सोयगावची थंडी ही तिन्ही आता उतरणीला लागली असतील. कालिंदीला माहेरी कधी पाठवता, हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. (या पत्रात ‘कृपया’ नव्हतं, तेही पाहिलं.) वैजनाथनं मस्कतहून व्हिसा पाठवला की ती त्याच्याकडं जाणारच, तोवर चार महिने आईजवळ राहावी, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. पण ती अडकलीय माझ्यापायी, आणि मी अडकलेय गिटारपायी.

दिवाळीत माझ्या तोंडून निघून गेलं, की सहा तारांत एवढं काय कठीण, मी वीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते. औरंगपुऱ्यातला गिटार शिकवायचा क्लास आटोपून दमून आलेली तुमची लेक म्हणाली, “बसा मग.” तेव्हापासून रोज सहा ते सात मी बसलेली आहे. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या नकळत सगळ्या तारा सा आणि प मध्ये लावून ठेवल्या (तंबोऱ्यासारखं बरं वाटेल म्हणून). एक तुटली. उरलेल्यांवर तिनं दाखवल्याप्रमाणं बोटं ठेवून तीन दिवस जे काही वाजवलं, ते ऐकून खालच्या मनकर्णाबाई वर आल्या, पदर सावरून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “मीनाक्षीबाई, कोन गेलं वो?”

तारा नीट लागल्या तरी त्या विचारायच्या थांबल्या नाहीत, कारण आमचं सगळं मायनरमध्ये, म्हणजे रडव्या सुरांत, चालतं. सध्या त्यातले सेव्हन्थ कॉर्ड आहेत (कॉर्ड म्हणजे एकदम छेडायचे सूर, सेव्हन्थमध्ये चार). ए मायनर धरून एक बोट उचललं की ए मायनर सेव्हन, इथवर ठीक. पण ई मायनर सेव्हनमधला कोमल नी परत सा कडं (आमचा सा म्हणजे ए) यायच्या वेळी शुद्ध होतो आणि कॉर्डचं नावच ई सेव्हन होतं. का, विचारलं तर म्हणाली, त्याशिवाय घराकडं ओढ लागत नाही. शिवाय बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह म्हणून एक आहे. त्याला चार बोटं चार जागी लागतात आणि माझी एकमेकांचं ऐकत नाहीत. तो निघाला की सेव्हन्थ संपले, मग मी सोयगावला, असं ती म्हणते. तो निघत नाही. बोटांना असे घट्टे पडलेत की तव्याचा चटकाही कळेनासा झालाय.

खरं सांगू, मी थकले आहे. पण लग्नानंतरचे सहा महिने आम्ही दोघी या घरात ‘हो’ आणि ‘बरं’ एवढ्यावरच काढले होते. शिकवताना ती बोलते. वैजनाथची आठवण येते म्हणून सांगते, रागावते, हसते. सात वाजले की गिटार भिंतीला टेकवून आम्ही कुकर लावतो.

आपली,
मीनाक्षी

ता. क. पाडव्यापर्यंत तिला बोलावू नका. दोष तिचा नाही, मीच मंद आहे.

ता. क. आई, पाकिटावर पत्ता घालायला सासूबाईंनी हे माझ्याकडं दिलं (वाचू नकोस म्हणाल्या, म्हणून वाचलं). मी क्लासला गेले असं समजून त्या तो बी मायनरवाला अगदी स्वच्छ वाजवतात. पंधरा दिवस जिन्यातून ऐकतेय. थोडा वेळ पायरीवर बसते, मग बेल वाजवते. रामकिसनदादाला न्यायला पाठवू नकोस. अजून आठ कॉर्ड राहिलेत, असं आज मी त्यांना सांगितलंय. एकही राहिलेला नाही.
— कालिंदी