मल्लिनाथची एक ओळ

४ ऑगस्ट २०२५
सुटलो बाबा पुण्यातून! आजपासून धाराशिवात नोकरी. एसटी स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर ऑफिस, खाली भजीवाला, माणसं चार. तेरखेड्याच्या एका कारखान्यात पावसाळ्यात फटाके गरम हवेनं वाळवतात. त्या यंत्राचा कर्नल, म्हणजे मेमरीचा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम, आम्ही लिहितो. मालकीण वृषालीताई. सगळ्यांना मीच चहा पाजला. जमणार आपलं इथं.

९ ऑगस्ट
ऑफिसात बघावं तेव्हा मल्लिनाथचं कौतुक! उमरग्याचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तापमानाचा सेन्सर काढला की मेमरीत त्याचं तापमान जिथं साठतं तो पत्ता पुसून त्या जागी हा मुद्दाम असा आकडा लिहितो, की तसला पत्ताच अस्तित्वात नाही. तिथं वाचायला गेलं की यंत्र जागीच थांबतं, हीटर बंद. एका ओळीचं काम, आणि ताई म्हणतात याच्यामुळं मला झोप लागते. पोटात दुखलं माझ्या, खोटं कशाला बोलू?

१८ ऑगस्ट
कारखान्याचे बब्रुवानकाका तणतणत आले. पुसायला सेन्सर काढला तरी यंत्र बंद, लई खोटी होते, दिवसाचं काम खोळंबतं म्हणाले. थांबतंय तेच बरंय काका, असं म्हणून मल्लिनाथ हसला. काय तो तोरा! तो जेवायला गेल्यावर मी ती ओळच उडवली आणि थोडी डागडुजी केली म्हणून सांगितलं. काका खूश. ताईंनी पहिल्यांदा माझं कौतुक केलं.

२२ ऑगस्ट, दुपारी २
काकांच्या माणसानं सेन्सर आणून दिला. उंदरानं वायर कुरतडली, सकाळीच काढलाय म्हणे. तो माझ्या टेबलावर पडलाय, आणि कारखान्यातलं यंत्र दाखवणाऱ्या पडद्यावर अजून बोलतोय. ३१ अंश. जुना पत्ता पुसलाच गेला नाही. यंत्र तिथला शेवटचा आकडा वाचतंय, शेड अजून गारच आहे असं समजतंय आणि हीटर चालूच ठेवतंय.

२.४०
काकांना फोन करून हीटर बंद करा म्हणायचं. एवढंच. पण मग ओळ कुणी काढली ते निघणार, आणि ताई परत त्याचंच—

३.१०
आकडा हलत नाही म्हणून मल्लिनाथला शंका आली. मोटारसायकल काढून मघाशीच गेला तेरखेड्याला. ताईंनी त्यालाच पाठवलं, मला विचारलंसुद्धा नाही. अजून मला त्याचाच राग येतोय. शी.

३.५५
लावला मल्लिनाथला फोन. तो उचलत नाही. फटाके वाळवायच्या शेडमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, गेटवर ठेवतात— म्हणजे तो आत—

४.०५
त्याच्या नंबरवरून फोन. तो नव्हता. गेटवरची कुणी बाई, शेड उडाली म्हणून नुसती ओरडत— ताई मागं येऊन उभ्या— पडद्यावर माझी दुरुस्ती उघडीच— विचारतायत, ही ओळ कुणी—