त्याच्या मागे कुठेही जाईल असा बोर्ड

३ ऑगस्ट

आज मैदानावर एक पोरगी धडपडली. नववी-ब एका सुरात ओरडली – "मास्तरीणबाईंचा बटाटा!"

सहा महिने झाले त्या व्हिडिओला! पीटीची शिक्षिका, म्हणजे मी, बर्फात तोंडावर पडतेय, रडतेय, आणि मागे चैतन्य हसत "मास्तरीणबाईंचा बटाटा झाला" ओरडतोय. ट्रिपा नेण्याचा धंदा त्याचा. स्नोबोर्डही त्यानेच दिलेला – माझ्या डोळ्यांपर्यंत येणारा, फळीसारखा कडक. "चालेल गं, बोर्ड काय, सगळे सारखेच."

मनगट मोडलं. त्याने व्हिडिओ ट्रिपच्या जाहिरातीत टाकला. काढ म्हटलं तर – "चिल यार, फेमस झालीस ना!"

फेब्रुवारीत तो परत गुलमर्गला बॅच नेतोय. मीही जाणार. त्याच्या बॅचसमोर त्याला बर्फ चारणार.

१० ऑगस्ट

आठवडाभर बोर्डांवर वाचतेय. लांबी उंचीवर नाही, वजनावर ठरते! माझ्या सत्तावन्न किलोला साधारण एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर. त्याने दिलेला एकशे एकोणसाठ. त्याला हे माहीत नव्हतं? बारा वर्षं ट्रिपा नेतोय. माहीत होतं. कंटाळा केला.

हे जास्त झोंबतं.

१७ ऑगस्ट

बोरिवलीला गेले. अबोली म्हणून एक बाई आहे, पूर्वी शर्यतीत उतरायची, आता घरी दोन जुळी पोरं. बोर्ड विकतेय. हॉलमध्ये तीन उभे केले होते, सोफ्याला टेकवून.

मी सरळ काळ्यावर हात ठेवला. सगळ्यात कडक, सगळ्यात वेगवान.

"कुठे चालवणार?"

"एकाला मागे टाकायचंय."

"तो कुठे चालवतो?"

सगळीकडे. दाबून सपाट केलेल्या उतारावर, झाडांमधल्या भुसभुशीत बर्फात, दुपारच्या खड्ड्याखड्ड्यांतही.

"मग हा काळा घेऊन तू झाडांतच अडकशील," ती म्हणाली. "तो पुढे निघून जाईल."

तिने मधला दिला. सगळ्या डोंगरावर चालणारा. वाकवला तर वाकतो, पण हातात लढतो. पायाखाली कमान, म्हणजे वळताना पकड. टोकं जरा वर उचललेली, म्हणजे मऊ बर्फात नाक रुतत नाही. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी, उलटंही उतरता येतं. गालिच्यावर बोर्ड ठेवून, बूट घालून त्यावर उभं केलं मला. बूट कडेबाहेर किती येतात ते वाकून बघितलं – "बोटं बर्फाला घासली तर संपलीस."

कुणी एवढं बघितलं असतं तर फेब्रुवारीत मनगट वाचलं असतं.

मधलाच घेतला. तो जिथे जाईल तिथे जाणारा.

१८ ऑगस्ट

आई – "गो जानकी, ही फळी खंय ठेवतलंस? आणि मुलुंडात बरफ खंय पडता?"

पलंगाखाली ठेवली.

६ ऑक्टोबर

रोज पहाटे आरेच्या उतारावर स्केटबोर्ड. गुडघा सोलला. बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

त्याच्या पानावर नवी जाहिरात. त्यात परत मी. खाली कुणीतरी – "ही काकू कोण रे?" त्याने हसण्याची तीन चित्रं टाकली.

तीन. मोजली.

९ जानेवारी, गुलमर्ग

दुसऱ्या संस्थेचा पंधरा दिवसांचा कोर्स. सकाळी पडले. दुपारी पडले. पण बोर्ड वळतो! मी म्हणेन तिकडे वळतो! मग गेल्या वर्षी कोण चुकलं होतं?

२१ जानेवारी

झाडांमधून न थांबता उतरले. ओरडलेच.

११ फेब्रुवारी, गुलमर्ग

झालं.

त्याची बॅच उतारावर ओळीने बसलेली, बाराजणं. तो समोर उभा राहून वळण शिकवत होता. मी वरून, झाडांतून. मऊ बर्फ संपला, सपाट उतार लागला, वेग घेतला. त्याच्या अगदी पुढ्यात कड रोवून वळले. बर्फाची अख्खी लाट त्याच्या तोंडावर! तो मागे हटला नि धप्पकन बसला.

"ओ! दिसत नाही का?"

बॅच खदखदून हसली. एकीने मोबाईल वर धरला होता. मी थांबले नाही. खालपर्यंत हसत गेले. डोंगर माझा!

उद्या हा बर्फातला चष्मा काढून त्याच्यासमोर उभी राहणार. बघ म्हणावं, कोण आहे.

१२ फेब्रुवारी

त्याच्या हॉटेलात नाश्त्याला गेले, टोपी-चष्मा काढून त्याच्यासमोरच बसले. तो ताट घेऊन उठून माझ्याकडे आला.

"काल तुम्हीच होतात ना? काय वळण घेतलंत! चूक माझी हो, मी मध्येच उभा होतो." चेहऱ्याकडे नीट बघत होता, तरी वर्षभर जाहिरातीत मिरवलेली बाई ओळखली नाही. "ह्याआधी आला होतात इथे?"

"नाही," म्हटलं. "पहिल्यांदाच."